सलगमावरच्या अळ्या आणि आमची ही

—नाही, नाही, नाही. फवारणी नको म्हणजे नको. तुम्ही बसा, चहा घ्या, पंख्याखाली सरका हवं तर, पण तो पंप आधी खाली ठेवा — तिथे नको, तिथे मांजर झोपलंय — हां, तिथे. पाठीवर पंप घेतलेला माणूस समोर बसला की मला सारखं वाटतं, हा आता मलाच फवारतोय की काय. येताना शेत बघितलंत ना? मग? पानांची चाळणी झालीय, कबूल. मी कुठे नाही म्हणतोय? आठ गाईंचा चारा आहे तो — सगळा सलगम, खास गाईंसाठी लावलेला, आधी पाला खायचा आणि मग खालचा गड्डा — आणि त्यावर अळ्या ताव मारतायत. दिसतंय मला. चष्मा आहे मला. पण प्रत्येक गोष्टीवर लगेच औषध मारायचं नसतं हो. काही गोष्टी सबुरीने घ्याव्या लागतात. येताना फाटकाशी कोणी भेटलं का तुम्हाला? डोक्याला रुमाल, पायात गमबूट, चालणं असं तरातरा? नाही ना? मग दुधाच्या गाडीबरोबर डेअरीवर गेली असेल. आमची ही. बरं झालं. यायला वेळ आहे तिला, तोवर आपण मोकळेपणाने बोलू — म्हणजे तसं बोलण्यासारखं काही नाही म्हणा.

सबुरी कशासाठी म्हणता? आता कसं सांगू तुम्हाला. तुमच्याकडे रेडिओ आहे? घरात नव्हे, गोठ्यात. आमच्या गोठ्यात आहे. खांबाला टांगलाय, वरून प्लास्टिकची पिशवी, शेणाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून. तर आमच्या हिचं म्हणणं, गाई गाणी ऐकून पान्हा सोडतात. आणि माझं म्हणणं, बातम्या ऐकून. हसू नका. बातम्या सांगणाऱ्याचा आवाज कसा असतो? एका सुरात, संथ, कुठे पूर आला काय नि कुठे सरकार पडलं काय, त्याला सोयरसुतक नसतं. गाईला तेच हवं असतं. गाण्यात मध्येच तो ढोल वाजतो — धाडकन — आणि आमची ढब्बी लाथ मारते. ढब्बी म्हणजे आमची सगळ्यात थोराड गाय, तिच्या लाथेने बादली उडून पार दारापर्यंत जाते. मी हे म्हटलं हिला. तर ही म्हणाली, ढब्बी ढोलाला नाही, तुमच्या गार हातांना लाथ मारते. झालं! आता तुम्हीच सांगा, असं बोलतात का नवऱ्याला? गाईंसमोर? मी रेडिओ बंद केला. तिने लावला. मी बंद केला. तिने लावला आणि त्याचं बटणच काढून पदराला बांधलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद. किती दिवस? दिवस कुठले, साहेब, पेरणी झाली, उगवण झाली, विरळणी झाली, तरी बोलणं नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. ढब्बीमार्फत चालायचं. ही ढब्बीला म्हणायची, "ढब्बे, तुझ्या मालकाला सांग, पेंड संपलीय." मी म्हणायचो, "ढब्बे, मालकिणीला सांग, मला दिसतंय." ढब्बी बिचारी मान हलवायची, एकदा इकडे, एकदा तिकडे. आमची लेक लांब राहते, तिचा फोन आला की ती आधी आईशी बोलणार, मग माझ्याशी, आणि दोघांना तेच विचारणार, "अजून?" एकदा मला म्हणाली, "बाबा, माफी मागून टाका ना." मी म्हटलं, "कशाची? बातम्या ऐकल्याची?" पण खरं सांगू का — म्हणजे आता विषय निघालाय म्हणून — घरात दोनच माणसं असली आणि त्यातलं एक गप्प झालं ना, की भांडी फार मोठ्याने वाजतात. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायला लागलो होतो. असो. ते काही तुम्हाला सांगायचं नव्हतं. चहात साखर पुरेशी आहे?

तर एक दिवस संध्याकाळी धारा काढताना गोठ्यातल्या दिव्याभोवती हे बारीक पतंग. राखाडी. पंख मिटून बसले की पाठीवर पांढुरक्या चौकटी दिसतात, कोणी रांगोळी काढल्यासारख्या. मी म्हटलं, छान आहेत. मला काय कळतंय! मी कौतुकाने बघत होतो, मूर्खासारखा. मग पुढच्या आठवड्यात मी सलगमाच्या शेतात उभा, पानं बघतोय, आणि पानांना खिडक्या! भोकं नाही हो, खिडक्या — खालून सगळं खाल्लेलं आणि वर नुसता पातळ पापुद्रा, काचेसारखा. मी पान वर धरून सूर्याकडे बघतोय, खाणारा कुठे दिसेना. मी पानाच्या वर बघतोय, बाजूच्या पानावर बघतोय, आभाळात बघतोय. आणि बांधावरून आवाज आला — "अहो, वाकून बघा की! अळी पानाच्या खाली असते, आभाळात नसते!"

तुमच्या लक्षात आलं का, काय झालं ते? "अहो" म्हणाली. ढब्बी तिथे नव्हतीच! गाई सगळ्या गोठ्यात. म्हणजे सरळ मलाच. मी असा गारठलो की वाकायचंच विसरलो. ती तशीच तरातरा आली, माझ्या हातातलं पान उलटं केलं, आणि खाली ही एवढीशी हिरवी अळी. तिने बोट लावलं तर ती अळी वेड्यासारखी वळवळत मागे मागे गेली आणि पानावरून खाली पडली — पडली म्हणजे लोंबकळली, एका तंतूवर, सर्कशीतल्या बाईसारखी. ही म्हणाली, "बघा, कशी नखरेल आहे." मी म्हटलं, "हो ना." बस्स. एवढंच बोललो आम्ही. पण बोललो!

फवारायचं होतं तेव्हा? कसं फवारणार? तुम्हीच तर सांगता, औषध मारलं की अमुक दिवस जनावर त्यात सोडायचं नाही. तेव्हा दुसरा चारा कुठे होता? वाळलं गवत संपलं होतं, कुरणात नुसती माती. औषध मारलं असतं तर गाईंना काय, बातम्या खाऊ घालायच्या? म्हणून ही म्हणाली, हाताने वेचू. हो, हाताने! एकरभर सलगम आणि दोन म्हातारी माणसं. वेडेपणा आहे हे मलाही कळत होतं. तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलंय ना, तेच माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी ते गिळलं आणि म्हटलं, "वेचू. उद्यापासून वेचू." सकाळच्या धारा झाल्या, दूध गेलं, की आम्ही दोघं दोन ओळींत समोरासमोर. बुडाखाली पालथी बादली, हातात डबा. डब्यात साबणाचं पाणी. अळी धरायची, टाकायची. बादली पुढे सरकवायची.

आता एक सांगतो, पण कोणाला बोलू नका. मला अळ्यांची भीती वाटते. वाटते म्हणजे काय, बैलाने शिंग उगारलं तर मी हलत नाही, पण अळी अंगावर आली की माझा मी राहत नाही. पहिले दोन दिवस मी चिमट्याने उचलत होतो, लेकीचा भुवया कोरायचा चिमटा. तिसऱ्या दिवशी एक बया पानावरून जी लोंबकळली ती थेट माझ्या शर्टात. पाठीवर! मी उठलो. मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण ही सांगते की मी आधी शर्ट काढला, मग बनियन काढलं, मग पायातला गमबूट का काढला ते कोणालाच कळलं नाही, आणि मग एका पायावर सलगमातून उड्या मारत "बघ! बघ! कुठाय! कुठाय!" ओरडत पार कुंपणापर्यंत गेलो. कुंपणापलीकडे शेजारी त्याच्या कोबीला पाणी देत होता, तो पाइप हातात धरून तसाच उभा राहिला, त्याच्या स्वतःच्या चपला भिजल्या तरी. आणि ही — ही हसली. अशी हसली, अशी हसली की बादलीवरून घसरून खाली सलगमात बसली. डोक्यावरचा रुमाल सुटला. बोलता येईना, नुसतं माझ्याकडे बोट दाखवत होती. साहेब, लग्नानंतर पहिल्या वर्षी ती तशी हसायची. मग घर, गोठा, लेकीचं शिक्षण, माझ्या आईचं आजारपण — कुठे ठेवून दिलं तिने ते हसू, मलाही विचारायचं सुचलं नाही. आणि ते होतं कुठे? तर सलगमात! मी उघडा, एका पायात बूट, आणि मला वाटलं, ही अळी शर्टातच राहिली तरी चालेल.

त्यानंतर रोज. बोलणं काय, काहीही. ती सांगायची, तिला शाळेत असताना गाणं शिकायचं होतं. मला माहीतच नव्हतं! इतकी वर्षं एका घरात राहून! मी म्हटलं, "मग म्हण ना." म्हणाली, "इथे?" म्हटलं, "अळ्यांना कुठे कळतंय." तर म्हणायला लागली, वेचता वेचता. आवाज थोडा फाटलाय, वरच्या सुरात जरा खरखरतो, पण — ऐकण्यासारखा आहे. आणि गंमत अशी, कुंपणाशी गाई सोडल्या होत्या त्या सगळ्या येऊन ओळीने उभ्या राहिल्या. आठच्या आठ. ढब्बी सगळ्यात पुढे. त्या चाऱ्यासाठी आल्या होत्या असं माझं अजूनही मत आहे. ही मात्र माझ्याकडे अशी बघत होती — मी बातम्यांचा विषय काढला नाही. त्या दिवशी मी इतका खुशीत की संध्याकाळी धारेच्या आधीच गाईंना सलगम घालून बसलो. धारेनंतर घालायचा असतो हो, नाहीतर दुधाला वास लागतो. लागला. डेअरीने आख्खा कॅन परत पाठवला. आणि ही रागावली? छे! "अहो, लक्ष कुठे असतं तुमचं हल्ली?" एवढंच. आणि "हल्ली" म्हणताना जरा हसली.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं. आणि तेवढ्यात माझा मेव्हणा उगवला. हिचा धाकटा भाऊ. शाळेत चित्रकला शिकवतो, पण त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, म्हणून आम्ही त्याला प्रोफेसर म्हणतो. बहिणीने हाताने अळ्या वेचाव्यात हे त्याला बघवेना. आधी त्याने अळीचं मोठं चित्र काढून गोठ्यात लावलं, ओळखायला सोपं जावं म्हणून — म्हशीएवढी अळी! — दोन गाई आत यायलाच तयार होईनात. मग ते काढून टाकलं आणि एक दिवस टेम्पोतून बदकं घेऊन आला. बदकं! म्हणाला, "भावजी, निसर्गाचा उपाय आहे. ही सगळी अळी खाऊन टाकतील. तुम्ही दोघं आराम करा." आराम करा! आराम म्हणजे वेचणं बंद! बरं, बदकं तरी निकामी निघावीत? नाही. पहिल्याच दिवशी ओळीने सलगमात शिरली आणि पटापट पटापट — त्यांचा तो म्होरक्या, कप्तान म्हणायचो आम्ही त्याला, छाती काढून चालायचा — तो तर पानाखाली चोच घालून असा वेचायचा की आम्ही दोघांनी दिवसभरात केलं नसतं ते त्याने न्याहारीच्या आधी केलं. ही खूश. प्रोफेसर खूश. "भावजी, बघा!" मी बघितलं. मी नीट बघितलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या बदकांना गाईंची पेंड घातली.

थोडीशीच. भुकेली होती बिचारी. तिसऱ्या दिवशी जरा जास्त. भिजवून. मग त्यात थोडा मका. मुक्या प्राण्यांना उपाशी ठेवायचं का? आठवड्याभरात कप्तानाला चालवेना. सगळी बदकं गाईंच्या पाण्याच्या हौदात पोटं वर करून — म्हणजे मेली नव्हती हो, सुस्तावली होती — आणि गाई पाणी पिईनात. प्रोफेसर म्हणाला, "आश्चर्य आहे, अळी दिसतेय समोर आणि खात नाहीत." मी म्हटलं, "निसर्गाचं काही सांगता येत नाही." घेऊन गेला परत. टेम्पोत चढवायला दोन माणसं लागली.

काय म्हणालात? मुद्दाम? छे, छे, मुद्दाम कसं. तुम्ही फार खोलात जाता बुवा.

बरं, मग पाऊस आला. चांगला तीन दिवस झोडपून काढला. सगळे शेतकरी खूश, मी पण खूश, कुरणात गवत फुटलं, गाईंची सोय झाली. चौथ्या दिवशी डबे घेऊन शेतात गेलो तर अळ्याच नाहीत. धुऊन गेल्या. ओळच्या ओळ बघितली, इथे एक, तिथे एक, त्याही अर्धमेल्या. ही म्हणाली, "चला, सुटलो." सुटलो म्हणाली! आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी मी बादली घेऊन वाट बघतोय, ती आलीच नाही. कपाट आवरत होती. तिसऱ्या दिवशी पण कपाट. आणि संध्याकाळी गोठ्यात माझ्या कानांनी ऐकलं — "ढब्बे, तुझ्या मालकाला विचार, उरल्यासुरल्या अळ्यांना उद्या औषध कोण आणणार." साहेब, माझ्या हातातली दुधाची कासंडी खाली पडली. पुन्हा ढब्बी! ती आपली सवयीने बोलली असेल, राग नव्हता काही आवाजात, पण मला त्या रात्री झोप नाही. म्हणून मी सकाळी उठून शेजाऱ्याकडे गेलो आणि त्याच्या कोबीवरच्या —

कोबी बघायला गेलो. छान आलाय त्याचा कोबी. त्याच्या आडोशाला पाऊस फार लागला नव्हता. त्यामुळे त्याच्याकडे अळ्या होत्या. आता त्या तिथून इथे आल्या, आपल्या पायांनी, म्हणजे पतंग होऊन, पंखांनी — डबा? कसला डबा? मी डबा कुठे म्हटलं? "वेचायचा डबा" म्हणालो असेन. आधी. नाही म्हटलं? बरं. मग एक डबा होता. जेवणाचा जुना. त्यात दोन-चार पानं घातली आणि — अहो, भीती वाटते म्हणून तर सांगतोय, मी, मी स्वतःच्या हाताने, चिमटा न घेता, एकेक उचलून कुंपणाकडच्या ओळींवर सोडल्या! डोळे मिटून! कपाळावर घाम! आता हसताय तुम्ही, पण जरा माझ्या जागी बसून बघा. आणि दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नुसतं म्हटलं, "परत आल्यात वाटतं." तिने कपाटाचं दार लावलं आणि रुमाल बांधला. लगेच.

मग काय, होऊन गेलं जरा जास्त. मला वाटलं चार सोडल्या तर चारच राहतील. त्यांचं कुटुंब इतकं झपाट्याने वाढतं हे मला काय माहीत! आधी कुंपणाकडच्या ओळी, मग मधल्या, मग पलीकडच्या बांधापर्यंत. आता वेचून संपत नाहीत, हात दुखतात, तिच्या गुडघ्यांनाही त्रास होतो, बोलत नाही ती पण उठताना माझ्या खांद्याला धरते. आणि सलगम गेला तर पुढे थंडीत गाईंना काय घालायचं? दूध आत्ताच कमी व्हायला लागलंय. रात्री मी हिशेब करत नाही, मी नुसतं आढ्याकडे बघतो आणि स्वतःला म्हणतो, म्हाताऱ्या, एका गाण्यापायी आठ गाईंचा चारा घालवलास. कळतं हो मला. पण फवारणी झाली की ती पुन्हा घरात आणि मी पुन्हा गोठ्यात. म्हणून म्हणतो, तुम्ही चहा संपवा, पंप उचला, आणि आलाच नव्हता असं समजा. तुम्हाला पाठवलं तरी कोणी? दुकानातून परस्पर आलात?

काय?

हिने? आमच्या हिने फोन केला? कधी? परवा? नाही, ती मला बोलली असती. आम्ही आता बोलतो ना, मी सांगितलं ना तुम्हाला — थांबा. म्हणजे तिला हे सगळं संपवायचंय. स्वतःहून. बरं. बरोबर आहे तिचं. गुडघे दुखतात तिचे. माझंच आपलं — ठीक आहे. मग फवारा. मी कोण अडवणारा. फवारा सगळं.

सगळं नाही? मग?

पुन्हा सांगा. जसं म्हणाली तसं सांगा, आपले शब्द घालू नका. "कुंपणाकडच्या चार ओळी सोडून फवारा" — हां — "त्या आमच्या ह्यांच्या आहेत." असं म्हणाली? "आमच्या ह्यांच्या"? आणि? नाही, तुम्ही तोंड दाबून हसताय म्हणजे आणखी काहीतरी म्हणाली ती. सांगा. आता काय राहिलंय! डबा? डब्याचं काय? डब्याच्या झाकणाला भोकं तिने पाडली? खिळ्याने? "नाहीतर गुदमरून मेल्या असत्या, आणि ह्यांची सगळी मेहनत वाया"...

मला वाटलं तो डबा तसाच होता.

म्हणजे पहिल्या दिवसापासून? आणि मी "परत आल्यात" म्हटल्यावर ती रुमाल बांधून — आणि तोंडावर काही नाही, सरळ म्हणते कशी, "अगंबाई, पुन्हा?" — अगंबाई म्हणाली होती, साहेब! किती साळसूद बाई आहे! बदकांचंही माहीत असेल तिला. असणारच. पेंड तीच मागवते.

गाडीचा आवाज आला का? आला. डेअरीची गाडी, तीच. उठा. उठा, उठा, कप राहू दे, मी विसळतो. पंप घ्या — मांजर, मांजर! — हां. मागच्या दाराने जा. नाही, लपायचं कशाला, तिनेच तर बोलावलंय तुम्हाला, पण आत्ता नको. तुम्ही दिसलात की मला तिच्याकडे बघता येणार नाही. मी आधी रुमाल — म्हणजे ती आधी रुमाल बांधेल, आम्ही शेतात जाऊ, मग मी बघतो तिला काय सांगायचं आणि काय नाही. फवारा ना, फवारा, तिने सांगितलंय तसंच, चार ओळी सोडून. पण उद्या या. आज राहू दे. आणि उद्यासुद्धा जरा उशिराच या, जेवणानंतर. सकाळी आम्ही कामात असतो.